निव्वळ वजन

दिवसभर मी वजनकाट्यावर.
हळदीचा ट्रक चढतो, मी आकडा वाचतो:
भरलेलं अमुक, रिकामं तमुक,
वजा करून उरेल ते निव्वळ.
पावती फाडतो. पुढचा.
सांगलीच्या मार्केट यार्डात सतरा वर्षं झाली.
कॉलरला पिवळी कड आली आहे, ती धुऊन जात नाही,
आणि पद्मिनीही आता घासत बसत नाही.

रात्री साडेनऊला दुसरी पाळी.
ताटं उचलली की त्याच टेबलावर
तासगावचं एक शीतगृह, बेदाण्याच्या पेट्या,
आणि पेट्यांमागे एक मेलेला माणूस.
त्याला कोणी मारलं हे अडीच वर्षं मलाच माहीत नव्हतं.
रोज एक पान. कधी अर्धं.
हळदीच्या हंगामात तेही नाही,
मग तो बिचारा तसाच पडून थंडीत,
इन्स्पेक्टर दारात, एक पाय आत एक बाहेर,
थेट जूनपर्यंत.

दोन प्रकाशकांनी उत्तर दिलं नाही.
तिसऱ्याने दिलं: ‘लेखकाने खर्च उचलल्यास विचार करू.’
म्हटलं, खर्च मीच उचलणार
तर विचारही मीच करतो.

मिरजेत शहनाज मुजावर लग्नपत्रिका जुळवते.
पानाला पंचवीस रुपये, एकशे अडुसष्ट पानं.
तिसऱ्या प्रकरणावर थांबून म्हणाली,
‘काका, हा वॉचमन खोटं बोलतोय ना?’
मी म्हटलं, तू टाईप कर.
त्या रात्री झोप लागली नाही.
तिला कळलं होतं. मला नव्हतं.
शेवटची चाळीस पानं पुन्हा लिहिली.

तीनशे प्रती. सोसायटीतून एकवीस हजारांची उचल.
टेम्पो आला तेव्हा एक प्रत घेऊन
मी सरळ यार्डात गेलो, काट्यावर ठेवली.
साठ टनी काटा. त्याने दखल घेतली नाही.
शून्य.
सिद्राम हमाल ती उचलून मसाल्याच्या दुकानात घेऊन गेला,
तिथल्या तराजूवर एकशे ब्याऐंशी ग्रॅम.
‘एवढंच व्हय?’ म्हणाला.
मग दोन्ही हातांनी परत दिली.

सचिवसाहेबांनी बोलावलं.
‘ड्युटीच्या वेळेत लिहिता का, मगदूम?’
नाही म्हणालो, वॉचमनच्याच सुरात.
एकदाच लिहिलं होतं, खुनाचं हत्यार,
एका पावतीच्या मागे,
आणि ती पावती ड्रायव्हरबरोबर निघून गेली.
कुठल्या तरी ढाब्यावर कोणीतरी वाचली असेल:
‘बर्फ फोडायचा टोचा, मूठ लाकडी.’

हिशेब असा.
किंमत एकशे ऐंशी.
स्टँडवरचा स्टॉलवाला बहात्तर कापतो,
छपाईचे सत्तर, उरले अडतीस.
पोस्टाने पाठवली तर अठ्ठ्याहत्तर,
पण मग पाकीट पद्मिनीने चिकटवायचं,
पत्ताही तिनेच लिहायचा, अक्षर तिचं बरं.
चौदा महिन्यांत दोनशे अकरा गेल्या.
एकोणनव्वद पलंगाखाली, हळदीचा वास लागलेल्या.
सगळं वजा जाता दोन हजार अठ्ठावीस.
व्याज धरलेलं नाही.
ते धरू नका, पद्मिनी म्हणाली, मी बिशींतून भागवलंय.
कधी, हे तिने सांगितलं नाही.

काल दुपारी फोन. आटपाडीहून एक बाई.
‘पान एक्क्याण्णव उलटं छापलंय तुमचं.’
म्हटलं, बदलून देतो.
‘नको. पुस्तक फिरवून वाचलं.
तो वॉचमन सुटला, ते मला पटलेलं नाही.
पुढच्यात धरणार आहात ना त्याला?’

बाहेर हॉर्न.
दहा टायरी, हळद, वर ताडपत्री.
मी भरलेलं वाचलं, रिकामं वाचलं,
आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा
वजाबाकी चुकलो.
ड्रायव्हरनेच दाखवून दिली.