पाळीपुरता उजेड

किटवेच्या बाजारामागे, काचेच्या दुकानात
आम्ही दोघं शिरलो तेव्हा
कपेम्ब्वाच्या हातात वहीचं पान, चार घड्यांचं,
त्यावर तीन लॅपटॉपांची नावं,
आणि माझ्या कोटाच्या आतल्या खिशात
सात महिन्यांचा ओव्हरटाइम.

वीज नव्हती. दाराशी जनरेटर खोकत होता
आमच्या वस्तीतल्या निवृत्त माणसांसारखा.
करिबात पाणी नाही तर तारेत वीज नाही,
हे इथलं शेंबडं पोरही सांगतं.
भारनियमनाचं वेळापत्रक चर्चच्या फळ्यावर लागतं
प्रार्थनांच्या वेळांखाली,
आणि दोन्हींत वेळ पाळते ती प्रार्थनाच.

न्कांडू नावाची मुलगी माल दाखवत होती.
पहिला उघडला तर कळफलक पेटला,
लाल, मग जांभळा, मग लग्नघरासारखा सगळाच.
"हे दिवे कशाला?"
"बंद करता येतात, बाबा."
बंद करण्यासाठी पैसे मोजायचे
हे मला खाणीत कुणी शिकवलं नव्हतं.

"बॅटरी?"
"दहा तास," न्कांडू म्हणाली.
"खेळताना दीड," पोरगा मान खाली घालून म्हणाला.
खरं बोलला. तेवढ्यावर मी
त्याच्या तीन-चार जुन्या थापा माफ केल्या.

एक चिप झोपते, दुसरी जागते,
ग्राफिक्सला भूक फार,
यातलं मला ओ की ठो कळत नाही.
पण बॅटरी मला विचारा.
सव्वीस वर्षं ती कमरेला बांधून
पिंजऱ्यातून खाली गेलोय.
कागदावरचे तास कायम नवे असतात,
कमरेवरचे जुने होतात.
सिचोनेचा दिवा नऊशे मीटरवर विझला
त्या रात्रीही बॅटरीवर बारा तास छापलेले होते.
आम्ही पोचलो तेव्हा तो उभा होता,
भिंतीला हात लावून, जिवंत.
पुढे कित्येक दिवस
जेवतानाही त्याचा डावा हात भिंतीलाच असायचा.

म्हणून म्हटलं, "तिन्ही चालू कर. इथेच.
वायर काढ, खेळ लाव. आम्ही बसतो."
न्कांडूने मालकाकडे पाहिलं,
मालकाने माझ्या कोटाकडे.
दोन स्टुलं आली.

तेव्हा कुठे मी तो खेळ पाहिला.
कुठल्याशा ग्रहाच्या पोटात
एक हेल्मेटवाला इसम खणत चालला होता,
डोक्यावर दिवा.
"काय शोधतोयस?"
"तांबं," कपेम्ब्वा म्हणाला,
आणि त्याचं बोट बटणावर थबकलं.

मी हसलो. न्कांडूही हसली.
तिकडे छत कोसळलं तर म्हणे
माणूस तीन सेकंदांत दाराशी परत उभा राहतो,
खिशातलं थोडं कमी होऊन, एवढंच.
ही मागणी आमच्या युनियनला कशी सुचली नाही?

लग्नघर तासाभरातच विझलं.
दुसरा दीडला दहा मिनिटं असताना,
आणि त्याचा चार्जर उचलून पाहिला तर वीटच.
तिसरा करडा, बिनदिव्यांचा.
"याचं चित्र जरा अडखळतं," पोरगा पुटपुटला.
अडखळत का होईना, दोन तास ओलांडून तो खणतच होता.
कपेम्ब्वाने पानावरची वरची दोन नावं खोडली,
दुसरं खोडताना पेन रेंगाळलं.
मी तेवढ्यात नोटा मोजायला घेतल्या.

रात्री घरी अंधार. कोळशाच्या शेगडीवर
म्वान्सा न्शिमा घोटत होती.
तो कोपऱ्यात करडं झाकण उघडून
लुसाकाच्या कॉलेजचा फॉर्म भरत बसला.
"जरा इकडे वळव रे," ती म्हणाली, "तळ दिसत नाही."
त्याने पडदा वळवला.
पातेल्यातली वाफ पांढरी झाली.

पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं:
नऊ तास चार मिनिटं.
मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवलं.