तळासकट

बाटली आली ती एजंटाच्या बॅगेत,
दोन शर्टांच्या मधे, झोपलेल्या पोरासारखी आडवी.
उभी ठेवा, तो म्हणाला. हलवू नका. उन्हात तर मुळीच नको.
सोलापुरात, एप्रिलात,
उन्हात मुळीच नको.
आम्ही हसलो. मग ओल्या टर्किशमध्ये गुंडाळून
कारखान्यामागच्या हौदात सोडली,
रंगाच्या पिंपांची सावली पडते तिथं.

पाठवणारी लोरेदाना.
तिच्या घरी पाच माणसं, एक कुत्रा,
टेकडीच्या उतारावर थोडी द्राक्षं,
आणि बाटल्यांना टोपणं बसवायचं हातयंत्र, आजोबांचं.
तिनं आमच्याकडून घेतली होती दोनशे चाळीस फडकी,
पांढरी, काठाला एकच हिरवी रेघ,
वाइनचे ग्लास पुसायला.
काचेवर धागा राहता कामा नये, तिनं तीनदा लिहिलेलं.
नायनांनी माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं
(आमच्यात वडलांना नायना म्हणतात)
आणि पहिले बारा नमुने स्वतःच नापास केले.

सोबत चिठ्ठी होती.
ही वाइन गाळलेली नाही.
बाटलीत भरल्यावर वसंतात ती पुन्हा आंबते, आपली आपण.
बुडबुडे तिचेच, बाहेरून घातलेले नाहीत.
तळाशी गाळ दिसेल, घाबरू नका.
आमच्याकडे हिला कोल फोंदो म्हणतात,
म्हणजे तळासकट.

नायनांनी शब्द तोंडात घोळवला. तळासकट.
मग विचारलं,
याला परवाना लागतो काय रे?

संध्याकाळी लाईट गेली.
आठही माग एकदम गप्प झाले
आणि अक्कलकोट रोडवरचं कुत्रंसुद्धा ऐकू यायला लागलं.
गच्चीवर पाणी मारलेलं, तरी तळवे भाजत होते.
टोपण सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं,
मागाच्या पान्यानंच काढलं.
दोनशे चाळीस फडकी विणणाऱ्या घरात
पुसण्याजोगा एकही ग्लास नाही
हे तेव्हा लक्षात आलं.

स्टीलचे पेले काढले.
स्टीलमध्ये बुडबुडे दिसत नाहीत.
ऐकू येतात.
चाळीस वर्षं मागाशेजारी काढलेल्या नायनांना
तेही आले नाहीत.
त्यांनी पेला गालाला लावला,
बारीक तुषार उडत होते ते तिथं लागले असावेत,
कारण ते थांबले, हलेनात.

आईनं शेंगाचटणी आणली, कडक भाकरी मोडली.
पहिला घोट तिचाच.
कैरी, म्हणाली. कैरीचं कोयीजवळचं.
मग पुन्हा प्यायली, खात्री करायला.

नायना पीत नाहीत. शिंदी सोडली त्याला माझ्याएवढी वर्षं झाली.
नुसतं नाक आत घातलं
आणि तेलुगूत म्हणाले, गंजी.
शिळी गंजी!
साखर पेठेत हातमाग होता तेव्हा
सुताला लावायची खळ रात्रभर उरली की
सकाळी हाच वास, पावासारखा, आंबूस,
वर फेस धरलेला.
मी ओतून द्यायची, आई म्हणाली.
आणि मी तुझ्यावर ओरडायचो, नायना म्हणाले.
दोघंही आपापल्या पेल्यात बघत राहिले.

वरचं नितळ संपलं.
शेवटचा पेला गढूळ, निवळत आलेल्या चुन्याच्या पाण्यासारखा.
एजंट सांगून गेला होता, आवडलं नाही तर टाका.
नायनांनी खिशातून सुताचा तुकडा काढला
(तो नेहमी असतो)
त्या गाळात बुडवला,
अंगठा आणि बोटामधून सावकाश ओढला
जशी रोज सकाळी खळ तपासतात तशी.
उजेडाकडे धरला. उजेड फारसा नव्हता.
धरतंय, म्हणाले.

तेवढ्यात लाईट आली, खाली माग सुरू झाले,
ते चपला शोधत जिना उतरले,
चार नंबरचा धागा तुटलेला आवाजावरून कळतो त्यांना,
बुडबुडे कळत नाहीत.

लोरेदानाला उत्तर द्यायचं अजून राहिलंय.
फडकी मिळाली का, बाटली छान होती, एवढं लिहून झालं.
धरतंय, याला तिच्याकडे
काय म्हणत असतील?