दहावं झाकण

केप कोस्टच्या पश्चिमेला, होड्या लागतात तिथे,
आमचा मासळीबाजार.
मी रोज तिथे पावत्या फाडतो.
खांद्याला नगरसभेची पिशवी, कानामागे पेन,
गाळ्यामागे एक सेडी.
मंगळवारी समुद्राला सुट्टी असते, मला नसते.

मला पाहिलं की बायका एकाएकी प्रार्थनेत बुडतात.
कुणी म्हणते, एकोव, अजून बोहनी नाही रे.
कुणी म्हणते, काल दिला तो कुठे गेला?
हे ऐकू न आल्यासारखं करून मी पुढे सरकतो.
आणि काही जणी, आवाज खाली आणून:
पावती नको. अर्धाच घे.
अर्धा तिचा वाचतो, अर्धा माझा होतो,
सूर्य वर येतो,
कुणाचंच काही जात नाही.

असं मला वाटायचं.

अराबा मेन्सिमा मात्र पावतीशिवाय सेडी सोडत नसे.
अंगाला धुराचा वास, नखांत खवलं,
पावती उजेडात धरून आकडा वाचायची
(आकडेच तेवढे वाचता येत)
आणि भट्टीशेजारच्या खांबावरच्या खिळ्यात
खुपसायची, टचकन.
खिळा भरला की दुधाच्या डब्यात.
"म्हातारपणी तळून खाणार का?" मी विचारायचो.
"तू फाड," म्हणायची.

मग जूनमधल्या एका पहाटे
डोक्यावर टोपलं घेतलेली तिची सून एफुवा
उघड्या गटारात गेली.
पाय दोन ठिकाणी मोडला. टोपलंभर मासळी
आली तशी समुद्राकडे परत.
बाजारानं शिव्या घातल्या, नशिबाला, सरकारला,
निवडणुकीच्या पोस्टरवर हसणाऱ्या झाडून साऱ्यांना.
अराबानं डबा उचलला.

नगरसभेच्या हॉलमध्ये पंखा गरगरत होता.
डबा उघडला तसा
सगळ्या फायलींना हेरिंगच्या धुराचा वास लागला.
तिनं अध्यक्षांनाच मोजायला लावलं, मोठ्यानं.
सहाशेच्या पुढे कुठेतरी ते चुकले,
तर पुन्हा पहिल्यापासून.
एक हजार एकशे सत्त्याऐंशी.
"मी मागायला नाही आले," ती म्हणाली,
"ते गटार माझं आहे. ही त्याची कागदपत्रं."
अध्यक्ष तिच्या धाकट्याच्या वयाचे.
"कर दिलाय, लेका.
आता कर."

कारकुनानं खतावणी आणली.
बाजारात दीडशे गाळे.
खतावणीत कुठल्याच दिवसापुढे
नव्वदच्या वर आकडा नव्हता.
पंखा तेवढा बोलत होता.
अध्यक्ष चष्मा पुसत राहिले, माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
अराबानं पाहिलं.

सप्टेंबरात गटारावर काँक्रीटची झाकणं पडली.
शिलकीचे पैसे नऊ झाकणांना पुरले.
दहाव्या जागी एक जुनी फळी टाकलीय,
होडीची असावी, अजून थोडा निळा रंग आहे.

हल्ली मी अर्धा घेत नाही.
त्यात मोठेपणा नाही, भीतीच जास्त.
बायका करवादतात, तुला काय धाड भरली, एकोव?
काय सांगू.
त्या फळीवरून रोज चार वेळा जातो मी.
ती कुरकुरते, आणि खालून
माझे मोबाइलचे रिचार्ज, शनिवारच्या बिअरी,
पोरीच्या वाढदिवसाचा तो गुलाबी केक,
सगळं वाहताना ऐकू येतं.
कधीतरी पट्टी लावून मोजलंय ते भगदाड.
दोन फूट तीन इंच.
माझ्याच मापाचं.

एफुवा आता काठी टेकत येते.
फळीपाशी थांबते, हात पुढे करते.
मी धरतो.
पलीकडे पोचल्यावर हात सोडवून घेते,
कमरेच्या गाठीतून एक सेडी काढून देते,
आणि तोच हात पुन्हा माझ्यापुढे:

"पावती."