पाणी न येता

हळदीच्या गोदामात शिरलं की
आधी माझ्या शर्टाची कॉलर पिवळी होते,
मग बोटं, मग पावतीच्या मशीनची बटणं.
वीस वर्षं झाली.
घरी कुणी विचारत नाही कुठून आलास.

माझी वेळ दुपारी तीन ते साडेसात.
भूपाल चौगुलेच्या चहागाडीपासून सुरुवात, पन्नास रुपये,
ते तो मोजून देत नाही, मी मोजून घेतो.
बिराप्पा जतचा, पोती उचलतो,
गुरुवारी शंभर देतो, सोमवारी काहीच नाही,
आणि सोमवारी तो माझ्याकडं बघतही नाही.
अरे, तुझेच पैसे आहेत, मी म्हणतो.
म्हणूनच लाज वाटती की, तो म्हणतो
आणि पाठीवर पुढचं पोतं घेतो.
जैनब मुल्ला फॉल-पिको करते,
तिची दहाची नाणी सुईच्या डब्यातून निघतात,
कधी त्यांच्यासोबत एखादी टाचणीही येते.

हौसाक्का ऐवळे शेवटच्या रांगेत बसते, हळकुंडं निवडायला.
तिच्या नोटांना मशेरीचा वास.

ज्या साली कृष्णा बाजारपेठेत आली
त्या साली सगळी सांगली आयर्विन पुलाकडं तोंड करून उभी होती,
चाळीस फूट, त्रेचाळीस, पंचेचाळीस,
रात्री दोनला माणसं फोन करून फूट विचारायची.
लोकांनी टीव्ही माळ्यावर टाकले, म्हशी सोडल्या,
पासबुकं प्लास्टिकात बांधून पोटाशी धरली.
पाणी येताना सांगून येतं.

आमची पतसंस्था बुडाली ती मे महिन्यात.
पुलावर कुणी फूट मोजले नाहीत.
शटरवर एक कागद होता, त्यावर शिक्काही नव्हता,
आणि समोर कोरडा ठणठणीत रस्ता.

अकरा दिवस मी यार्डाकडं फिरकलो नाही.
बाराव्या दिवशी गेलो, डायरी घेऊन.
का गेलो, माहीत नाही.
डायरीत सगळ्यांचे आकडे बरोबर होते, एवढंच होतं माझ्याकडं.
भूपालनं चहा दिला नाही.
बिराप्पानं कॉलर धरली, मग सोडली,
हाताला हळद लागली होती, ती माझ्याच शर्टाला पुसली.
हौसाक्काचे अकरा हजार सहाशे चाळीस,
पोरीच्या नर्सिंगची पहिली फी.
ती ओरडली नाही.
तिनं विचारलं, तुजं किती गेलं रं?

मी म्हणालो, बरंच.

माझं काही गेलं नव्हतं.
माझे पैसे पोस्टात होते, आरडीत, पहिल्यापासून.
हे मी बायकोलाही असं सरळ कधी सांगितलं नाही,
तिला वाटतं ती माझी हुशारी.

आता बँक दुसरी आहे. मशीन नवं, पावती लगेच.
त्याच दारांत उभं राहायला मला दीड वर्ष लागलं,
आणि त्यांना माझ्यासमोर हात पुढं करायला
त्याहून जास्त.
पोरगी मिरजेत एका दवाखान्यात झाडू-फरशी करते,
नर्स बायांचे कपडे रोज बघते. हौसाक्काच सांगते,
तक्रार म्हणून नव्हे, बातमी म्हणून.

या खेपेला यादीत एक नाव वाढलंय, माझं.
रोज तीस रुपये. गोदामाच्या पायरीवर बसून
मी मलाच पावती फाडून देतो.
बघणाऱ्याला वेड वाटेल.

हौसाक्का रोज वीस देते.
निम्मं तुज्याकडं, निम्मं कुठं ठेवती ते इचारायचं न्हाई,
असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.
मी विचारत नाही.
कुठंही असो, माझ्या हाताबाहेर आहे, हे बरं.

पावती ती घेत नाही हातात, नुसती.
मोठ्यानं वाच, म्हणते.
रांगेतल्या बाया सुपं थांबवतात,
धूळ खाली बसेपर्यंत मी थांबतो.

चार हजार दोनशे ऐंशी.

पुन्यांदा वाच, ती म्हणते.

मी पुन्हा वाचतो.