ऑर्डरवरचं नाव

घणसोलीतली ही आमची पाचवी शाखा.
सॉस तुर्भ्याहून सीलबंद येतो.
भात एकशे ऐंशी ग्रॅम, काट्यावर.

चांगुनाआत्या आली ती थेट
कोल्ड्रिंकच्या मशीनपाशी उभी राहिली.
"बांद हयाच व्हता,"
आणि चप्पल काढून
तिनं पायानं फरशी चाचपली.

कोबी नको, शेजवान वेगळं.
स्क्रीननं विचारलं: नाव?
मी तिचं टाकणार, तर म्हणाली,
"माजा कशाला? याचा टाक."

मग आसामचा नवा पोरगा
माईकवर अडखळत:
चिंबोर... चिंबोरखाचर,
ऑर्डर रेडी!
दोनदा.

आत्यानं हात वर केला
हजेरीला करतात तसा.

वाडग्यातलं एक शीत बोटांत चोळलं.
"राता नाय."
संपवला मात्र सगळा,
तळाच्या सॉससकट.