पासंग

बेलापूरला, कोकण भवनाच्या चौथ्या मजल्यावर
पितळेचा एक किलो निळ्या मखमलीत निजलेला असतो.
त्याला घामट हात लावायचा नाही.
मी वैधमापन निरीक्षक. त्याची धाकटी भावंडं
पेटीत घालून बाजार हिंडतो
आणि रात्री विभागीय परीक्षेसाठी
नीतिशास्त्र घोकतो:
पाश्चात्त्य सिद्धान्त, गुण पन्नास.

तक्रार दिवाळे गावातली.
बायजा नाखवा, मासळी बाजार, ओटा क्रमांक सात.
तिचा तराजू उचलला,
तर वजनाच्या पारड्याखाली डांबराने चिकटवलेला
होडीच्या इंजिनाचा वॉशर.
सेहेचाळीस ग्रॅम.
पुन्हा मांडून पाहिलं,
कारण एकोणीस वर्षांत पासंग मला
नेहमी दुसऱ्या पारड्याखाली सापडलेला.
ही बाई जास्त देत होती.

"बोंबील पानी सोरतान, सायेब.
घरा जाईपरत पन्नास ग्राम उरून जातान.
त्या पान्याचं पैसं मी कनाला घेऊ?"

टिपणवहीत लंडनचे दोघे आहेत, सुखाची बेरीज मांडणारे.
त्यांच्या हिशेबाने पेटी मिटून चहा प्यायला हरकत नव्हती:
गिऱ्हाईक खूश, बायजा खूश,
ओट्याखालचं मांजर तर फारच खूश.
पण बेरजेत ओटा क्रमांक आठ राहून जातो.
तिथे सुगंधा मढवी, बचत गटाचं कर्ज काढून बसलेली,
दुपार टळेपर्यंत
न विकलेल्या मासळीवर बर्फ लोटते.
तक्रार निनावी होती.
कागदाला मात्र खवला चिकटलेला.

आणि तो जर्मन,
ज्याच्या फिरण्यावर गाव घड्याळं लावायचं म्हणतात,
त्याने चष्म्याआडून विचारलं असतं:
प्रत्येक ओट्याने आपापला किलो ठरवला तर?
तर मासळीच्या आधी
'किलो' हा शब्दच नासेल.
बरोबर आहे. मखमलीतला पितळी देवही हेच सांगतो.
पण तो देव
कधी ओला झालेला नाही.

चांगुलपणा म्हणजे हाताला पडलेलं वळण,
हे ग्रीकांच्या पानावर, लाल शाईत.
कंजुषी आणि उधळेपणा यांच्या मध्ये कुठेतरी सद्गुण असतो.
नेमका कुठे? सेहेचाळीसवर?
मी बायजाच्या हातांकडे पाहिलं.
विळीचे जुने चरे, आणि एका बोटाला अंगठीऐवजी रबरबँड.

एक स्कॉटलंडचाही आहे, वहीच्या कडेला कसाबसा बसवलेला:
आधी काळीज हलतं,
मग बुद्धी त्याचं वकीलपत्र घेते.
त्याला मी परीक्षेत टाळणार होतो.
पण ओट्यासमोर उभा असताना
बाकीची सगळी वही त्या वॉशरच्या
पासंगालाही पुरेना.

शेवटी खरवडून काढला. काटा मधोमध आणला,
शिक्का मारला.
बायजा काही बोलली नाही.
पुढच्या गिऱ्हाइकाला किलो मोजला,
तंतोतंत, शासनमान्य,
आणि मग मूठ भरून
वरून तीन बोंबील टाकले.
त्या मुठीवर माझा कायदा चालत नाही.
सुगंधाने ते पाहिलं.
मग माझ्याकडे पाहिलं.

वॉशरची जप्तीची पावती मी लिहिली नाही.
का, ते कुठल्याच सिद्धान्तात बसवता येत नाही.
ठाण्याच्या केंद्रावर पेपरला बसलो तेव्हा तो खिशातच होता,
डांबराचा वास अजून न गेलेला.
प्रश्न चौथा: योग्य कृती कशी ठरवाल? उदाहरणासह लिहा.
शब्दमर्यादा दीडशे.
घंटा झाली तेव्हा मोजले,
एकशे बारा भरले.

वरून टाकायला
मुठीत काही नव्हतं.