लांडगा काढला त्या आठवड्यात

ओउलूत डिसेंबरमध्ये दुपारी अडीचला दिवे लागतात.
खाली सायकलच्या दुकानात कुणी चाक फिरवून बघतंय,
वर आम्ही तिघं, एक हीटर
आणि पडद्यावर गोठलेला समुद्र.

तीन वर्षं हाच एक समुद्र करतोय.
हेन्रीकाने बर्फाचे सतरा रंग केले.
मी आवाज.
रात्री दोनला उपडा पडून
खऱ्या बर्फाला माइक लावला तेव्हा
खालून कुणी मैलभर लांब तार छेडल्यासारखं झालं.
कान आठवडाभर सोलत होते.

खेळात करायचं काही नाही.
चालायचं. थांबायचं.
पलीकडे एक बेट, बेटावर एक खिडकी, उजळलेली.
पोचलात तर पोचलात.

पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं:
सुंदर आहे, पण खेळणाऱ्याने करायचं काय?
हरायची सोय ठेवा.
तहान ठेवा, थंडीची पट्टी ठेवा,
निदान एक लांडगा.

ताइस्तोने दोन दिवसांत लांडगा केला.
चांगला केला, खोटं कशाला बोलू,
श्वासाची वाफसुद्धा दिसायची.
पण तो सोडल्यापासून
कुणी आभाळाकडे बघेना.
मीही नाही.
माझाच समुद्र मला ऐकू येईना
मागून येणाऱ्या पावलांपुढे.

हेन्रीका म्हणाली, भीती स्वस्त असते.
ताइस्तो म्हणाला, भाडं नसतं.
दोघांचंही खरं होतं,
म्हणून भांडण गुरुवारपर्यंत चाललं.

शुक्रवारी तिचे मामा आले, ऊर्पो.
एकतीस हिवाळे बर्फात भोकं पाडून जाडी मोजलेला माणूस;
त्यांनी मान हलवली की बेटाकडचा रस्ता उघडायचा.
त्यांना लांडग्याशिवायचा खेळ दिला.
कंट्रोलर त्यांनी
दुसऱ्याचं तान्हं धरावं तसा धरला.

किनाऱ्यावर उभे राहिले.
उभेच राहिले.
चार मिनिटं, ताइस्तो घड्याळ बघतोय.
मग काठाकाठाने निघाले, लव्हाळ्यांतून,
जिथे आम्ही काहीच ठेवलं नव्हतं,
जिथे हेन्रीकाने कंटाळून
एकच लव्हाळं चारशे वेळा डकवलं होतं.

‘मामा, सरळ जा ना. बुडत नाही.
बुडायची सोयच केलेली नाही.’
‘हा रंग एप्रिलचा आहे,’ ते म्हणाले,
‘मी नाही जाणार.’

पाऊण तास.
ओठ आत ओढलेले, कपाळावर घाम.
दर थोड्या पावलांनी थांबून
ते माझा आवाज ऐकत होते,
आणि छान आहे म्हणून नव्हे,
कामासाठी ऐकत होते,
डॉक्टर छाती ऐकतो तसा.

एकदा म्हणाले, ‘हं. इथे धरलंय.’
आणि एक पाऊल बर्फावर ठेवलं.
आम्हा तिघांचे हात टेबलाच्या कडेला घट्ट.
आमचाच बर्फ.
तो मोडत नाही
हे आमच्याहून जास्त कुणाला ठाऊक?

बेटावर पोचले नाहीत. अर्ध्यातून वळले.
‘उद्या बघू, रात्रीतून आवळला तर.’
कोट चढवता चढवता विचारलं,
‘त्या खिडकीत कोण राहतं?’
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
तिथे नुसता दिवा होता.

ते गेल्यावर ताइस्तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, ठीक आहे,
पण माद्रिदच्या पोराला
एप्रिलचा रंग कुठून कळणार?
याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.
अजून नाही.

लांडगा त्याने स्वतःच काढला, रात्री, न सांगता.
ठसे काढायचे राहिले.
ते बेटाकडे जातात, परत येत नाहीत.
राहू देत, म्हणाली हेन्रीका.

घरी जाताना पुलावर सायकल थांबवली.
खाली नदी, एका बाजूने गोठलेली,
तिच्यावर पुलाच्या दिव्याचा पिवळा डाग.
सतरा रंगांची नावं मला पाठ आहेत.
कठड्यावरून वाकून, कान उघडे टाकून
किती तरी वेळ बघत राहिलो.
यातला कुठला,
सांगता येईना.